डोंग्यातला माणूस

पहाटे ४.१५
मामा मोटरसायकलच्या मागे ट्यूब बांधतायत. ट्रकच्या चाकाची, हवा भरलेली, तीन ठिकाणी पंक्चर काढलेली. मधल्या मोकळ्या जागेत नायलॉनच्या दोरीची जाळी विणली आहे. तिच्यावर बसून ते वर्धा नदीत उतरतात. वणी रोडच्या पंक्चरवाल्यांकडे अशी जुनी ट्यूब पूर्वी दोनशेला मिळायची. आता ट्रकांना ट्यूबलेस टायर आले. शोधत फिरावं लागतं. गेल्या वेळी चारशे मोजले.

जानेवारीची थंडी. अंगात स्वेटर, त्यावर चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट. ते मुलाचं. मुलगा कोळसा वाहतुकीच्या ठेकेदाराकडे आहे. रात्रपाळी करून तो आता येईल.

मामी काळा चहा देतात. मामा कप खाली ठेवता ठेवता सांगतात, “पेटीतला फोटो काढून ठेव. दुपारी स्टुडिओत जाऊ.”

मे महिन्यात मुलाचं लग्न आहे. घराला रंग द्यायचा, आणि समोरच्या भिंतीवर मामांच्या वडिलांचा फोटो लावायचा. वडिलांचा म्हणावा असा घरात एकच फोटो आहे. तो मासेमारीचा.

पहाटे ४.५०
नदीच्या घाटावर अंधार. मागे रस्त्यावर कोळशाचे ट्रक रात्रभर चालू असतात, त्यांचा आवाज इथपर्यंत येतो. हा काठ घुग्घुसचा, पलीकडचा यवतमाळ जिल्ह्याचा. नदी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि इथे येईपर्यंत बरीच धरणं पाहून येते. मोर्शीजवळ अप्पर वर्धा, आर्वीजवळ निम्न वर्धा. वरून पाणी सोडलं की इथे जाळी वाहून जातात.

मामा ट्यूब पाण्यात ढकलतात. वर बसतात, पाय बाहेर. दोन्ही हातांत चपलेएवढ्या फळ्या. त्याच वल्ही. काल संध्याकाळी तीन जाळी लावली होती. तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याची, पन्नास-पन्नास मीटर. वर तरंगायला जुन्या स्लिपरचे कापलेले तुकडे, खाली शिशाच्या गोळ्या. एका जाळ्याला दोरी, शिसं, तंगूस धरून दीड हजार पडतात, आणि विणकाम घरचं.

बॅटरी कपाळाला बांधलेली. मामा जाळ्याची वरची दोरी उचलतात आणि हातावरून सरकवत पुढे जातात. जड लागलं की थांबतात. एक रोहू कल्ल्यापाशी अडकला आहे. मामा त्याला तसाच ओढत नाहीत. डाव्या हाताने डोकं धरतात, उजव्याच्या नखाने तंगुसाचा एकेक फास कल्ल्यावरून पुढे सारतात. फास सुटला, की मासा ज्या बाजूने शिरला, त्याच बाजूने बाहेर काढायचा. फास न सोडवता ओढला तर कल्ला फाटतो, मासा लवकर मऊ पडतो आणि जाळंही तुटतं. एका माशाला अर्धं मिनिट. बोटं गारठली की दोन मिनिटं.

सकाळी ६.१०
उजाडलं. नदीवर धुकं, धुक्याला धुराचा वास. मामा काठाच्या उथळ पाण्यात उभे राहून फेकजाळं टाकतात. हे झिंग्यांसाठी.

जाळं फेकण्याची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. दोरीचा फास डाव्या मनगटात. जाळ्याचा एक भाग डाव्या खांद्यावर घ्यायचा, दुसरा उजव्या हातात. मग कमरेतून वळायचं आणि उजव्या हाताने सोडायचं. जाळं हवेत गोल उघडतं, शिशाची कड सगळीकडे एकदम पाण्याला लागते. वाकडं उघडलं तर फेक वाया. मामांची बहुतेक फेक गोल पडते.

“बाच्या वेळी डोंगा होता,” मामा सांगतात. “एका खोडाचा. आता कोन बनवते? येवढं झाड तोडू देते का जंगलात?”

ट्यूबवर दोन माणसं बसत नाहीत. डोंग्यात बापलेक जायचे, भाऊ-भाऊ जायचे. एक बांबू धरायचा, दुसरा जाळं टाकायचा. मामा नदीत एकटेच असतात.

सकाळी ७.००
निवड काठावरच. रोहू दोन, मिळून अडीच किलो. मरळ एक, आठशे ग्रॅम, अजून जिवंत, ती बादलीत पाण्यात. चिल्लर, म्हणजे बारीक मासे, तीन किलोच्या आसपास. झिंगे अर्धा किलो. “बरं हाय,” मामा म्हणतात. काल रोहू नव्हताच.

सकाळी ७.४५
बाजारात मामींची जागा ठरलेली. खाली पोतं, पुढे घमेलं, बाजूला पावशी म्हणजे विळी, आणि राखेचा डबा. मरळ बुळबुळीत. राख चोळल्याशिवाय हातात राहत नाही.

भाव: रोहू १८० रुपये किलो, चिल्लर १२०, झिंगे ३२०, मरळ ४००. समोरच्या गाड्यावर आंध्राकडून बर्फात आलेला रोहू १६० ला आहे. मामी एकच वाक्य ओरडतात, “नदीचा हाय, नदीचा!” घुग्घुसमध्ये गिऱ्हाईक अनेक भाषांतलं. खाणींमुळे तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ, उत्तर प्रदेश-बिहारची माणसं पुष्कळ. मामी माशाचे भाव तेलुगूत सांगतात, घासाघीस हिंदीत करतात, आणि पैसे मोजतात मराठीत.

एक बाई मरळीला हात लावून बघतात. साडेतीनशेचा भाव म्हणतात. मामी बादली मागे ओढतात. बाई दहा पावलं जाऊन परत येतात. अख्ख्या मरळीचा तीनशेला सौदा होतो. ती आठशे ग्रॅम भरते. तिचे चारशेच्या भावाने तीनशे वीस झाले असते. कापायचे वेगळे पैसे मामी घेत नाहीत. गाड्यावाला घेतो.

सकाळी १०.३०
पोतं झटकलं. थोडी चिल्लर घरासाठी ठेवली. एकूण १,२१० रुपये. त्यातून बाजाराची चिठ्ठी २०, बर्फ ४०, पेट्रोल ६०, मामींचा ऑटो ३०. उरले १,०६०. दोन माणसांची पहाटेपासूनची मेहनत आणि जाळ्याची झीज त्यातच. हा चांगला दिवस आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि जोरात असतं, तेव्हा आठवडेच्या आठवडे असा दिवस येत नाही.

घरी जाताना रेल्वे फाटक बंद. कोळशाची मालगाडी. ऑटोवाला इंजिन बंद करतो.

सकाळी ११.३०
भात, चिल्लर माशांचा झणझणीत रस्सा, कांदा. जेवण झाल्यावर मामी लोखंडी पेटी उघडतात. रेशनकार्ड, विजेची बिलं, जातीचे दाखले. ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) मध्ये येतो. जात पडताळणीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. मुलाच्या वेळी मामा वडिलांचा फोटोही घेऊन गेले होते. “म्हनलं, पाहा ना, माहा बाप मासोळी धरून रायला. तं म्हनले, कागद आना.” कागद सापडेपर्यंत दोन वर्षं गेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूची घरं रिकामी केली. मामांचं घर त्या भागात नाही, तरी त्या रात्री त्यांच्या गल्लीतले लोकही बाहेर बसले होते. मामींनी आधी ही पेटी उचलली, मग गॅसची टाकी.

फोटो वहीच्या दोन पानांत ठेवलेला. सहा सेंटिमीटरचा चौकोन, काळा-पांढरा, एक कोपरा ओलीने खाल्लेला. काठावर एक उभा माणूस, खांद्यावर जाळं. त्याच्या शेजारी दोघं. दोघांच्या खांद्यांवर आडवा बांबू आणि बांबूला लटकलेला मासा, शेपूट जमिनीला टेकलेली. पायाशी उकिडवं बसलेलं उघडं पोर. मागे पाण्यात डोंगा, त्यात एकजण वाकलेला. नदी इतकी रुंद, की पलीकडचा काठ म्हणजे नुसती रेघ.

“हा बा,” मामा जाळंवाल्यावर बोट ठेवतात. फोटोवर नाही, फोटोच्या वर, हवेत. बोटाला माशाचं तेल असतं, हे त्यांना माहीत आहे.

फोटो खाणीतल्या एका बाबूने काढला, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. बदल्यात त्याने मासोळी नेली.

दुपारी १.४०
स्टुडिओ म्हणजे दहा बाय बारा फुटांची खोली. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लग्नाचे अल्बम. मालक चाळिशीचा. त्याचे वडीलही याच खुर्चीत बसायचे आणि निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या पुसायचे.

तो फोटो काचेखाली ठेवतो, १२०० डीपीआयवर स्कॅन करतो. पडद्यावर चित्र हळूहळू खाली उतरतं. मामा खुर्चीवरून उठून जवळ जातात. इतका मोठा त्यांनी तो कधी पाहिलेला नाही.

“बॉक्स कॅमेऱ्याचा आहे,” मालक म्हणतो. “आग्फा क्लिक थ्री असेल. बारा फोटोंचा रोल. निगेटिव्ह कागदावर ठेवून तसाच छापलाय, मोठा केलेला नाही.” मग विचारतो, “बाबू म्हणजे कुठला? कंपनी खाजगी होती तेव्हाचा?”

“मालकाची होती. सरकारी नव्हती.”

कोळसा खाणी १९७३ साली सरकारच्या झाल्या. म्हणजे फोटो त्याआधीचा. पन्नास वर्षं तर नक्कीच ओलांडली.

आता कामाचं. मालक दर सांगतो. फक्त चेहरा कापून, मागे निळा पडदा टाकून, अंगावर कोट घालून, आठ बाय दहाचा फोटो फ्रेमसह ५००. इथे बहुतेक जण हेच करून नेतात. उघड्या अंगाचा बाप भिंतीवर कसा लावायचा, असं लोकांना वाटतं, आणि त्या वाटण्याला मी नावं ठेवणार नाही. पूर्ण फोटो, डाग काढून, बारा बाय बाराचा: दुरुस्ती ३००, प्रिंट १५०, फ्रेम ४५०. एकूण ९००.

मामा ५०० वर हात ठेवतात.

मालक चेहरा मोठा करतो. मूळ फोटोत तो तुरीच्या दाण्याएवढा आहे, मोठा केला की नुसते ठिपके. तो मोबाइलवरचं एक ॲप लावून दाखवतो. क्षणात डोळे, मिशी, दात, सगळं स्वच्छ. माणूस देखणा दिसतो. पण तो कोणाचाच बाप नाही. मामा बराच वेळ बघतात. “हे कोन व्हय?” ते विचारतात.

मला राहवत नाही. मी मोबाइलवर एक चित्र काढून दाखवतो. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेला ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात एका खोडाच्या डोंग्यांत बसलेल्या मासेमारांचं चित्र आहे. खाली लिहिलंय ते एवढंच, की हे पोखरलेल्या खोडातले मासेमार. नाव एकाचंही नाही. तेही कोणाचे तरी आजे-पणजे असतील, पण त्यांच्या नातवंडांना ते आता ओळखता येणार नाहीत. मुंबईच्या कोळ्यांचे फोटो शेकड्यांनी निघाले, कॅलेंडरांवर छापले गेले. नदीवरच्या ढिवराकडे कॅमेरा फारसा वळला नाही. त्यामुळे मामांच्या पेटीतला हा सहा सेंटिमीटरचा कागद मला फार मोलाचा वाटतो, आणि त्यातली नदी कापून टाकायला माझं मन होत नाही. मी तसं सरळ सांगतो.

मामा चित्र बघतात. “असाच होता डोंगा,” एवढंच म्हणतात.

ठरत काहीच नाही. मालक स्कॅन मामांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवतो आणि मूळ फोटो लॅमिनेट करू का विचारतो. मी नको म्हणतो. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागदावरून निघत नाही, आणि आतली ओल आतच राहते. साधं कागदी पाकीट पुरतं.

दुपारी ३.३०
अंगणात जाळं पसरलेलं. सकाळी एका जाळ्यात लाकूड अडकलं होतं, हातभर भोक पडलंय. मामा पायाच्या अंगठ्यात जाळ्याची कड अडकवतात, प्लास्टिकच्या सुईत दोरा भरतात आणि घर मोजायला दोन बोटं आत घालून गाठ मारतात. दोन बोटांपेक्षा लहान घर ठेवायचं नाही. “बारकं पोट्टं निघून गेलं पायजे.”

मुलगा झोपेतून उठलाय. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. बल्लारपूर, राजुरा, वणी, हैदराबाद. पाच मिनिटांत मोबाइल वाजायला लागतो. राजुऱ्याचा चुलतभाऊ विचारतो, मासोळी कोणती? सिंगाडा, एक म्हणतो. दुसरा म्हणतो, येवढा सिंगाडा नसतेच. हैदराबादची भाची लिहिते, आमच्या आजोबांचा एकही फोटो नाही, यात ते आहेत का?

कोणालाच सांगता येत नाही. वढ्याची आत्या सांगेल, असं ठरतं. वढा म्हणजे जिथे वर्धा आणि पैनगंगा मिळतात ते गाव, कार्तिकात जत्रा भरते ते. आत्या म्हणजे मामांच्या वडिलांची धाकटी बहीण. त्या पिढीतली ती एकटी उरली आहे.

सायंकाळी ५.१५
पुन्हा घाट. जाळी लावायला सकाळपेक्षा जास्त वेळ लागतो. एक टोक खुंटाला, मग ट्यूबवरून मागे मागे जात जाळं सोडत जायचं, गुंता होऊ द्यायचा नाही. शिसं खाली, स्लिपरचे तुकडे वर. उन्हं उतरली की पाणी काळं होतं आणि तुकडे तेवढे दिसत राहतात. मामा येताना थरथरत असतात. दोन बिड्या होईपर्यंत बोलत नाहीत.

सायंकाळी ७.२०
आत्याचा फोन. नातवाने फोटो बोटांनी मोठा करून करून दाखवलाय. तिचा आवाज स्पीकरवर चढतो.

“अरे बावा, जाळंवाला तुहा बाप नोहे! तो आमचा मधला. पाय ना, जाळं कोन्या खांद्यावर हाय?”

मुलगा मोबाइल जवळ धरतो. जाळं उजव्या खांद्यावर.

“तो डावखोरा होता. साऱ्या घाटावर तो एकटाच उजव्या खांद्यावर जाळं घे.”

खोलीत कोणी काही बोलत नाही. मामांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेलेला. ते पहाटेपासून जाळं तिथेच घेतात, त्यांचे वडीलही तिथेच घ्यायचे. फोटो उलटा छापला असेल, मुलगा शंका काढतो. तो स्टुडिओवाल्याला फोन लावतो. मालक पडद्यावर बघून सांगतो, बांबू धरणाऱ्या एकाच्या सदऱ्याला खिसा आहे आणि तो डाव्या छातीवर आहे. फोटो सुलटाच आहे.

“मंग बा कुठी हाय?” मामा विचारतात.

“डोंग्यात. बांबू धरून वाकला हाय तो. त्याले फोटोची लाज वाटे. बाबूनं हाका मारल्या तरी वर नाही पाह्यलं.”

पायाशी बसलेलं पोर मामांचे मोठे भाऊ. ते आता नाहीत. “तू तवा पोटात होता,” आत्या सांगते. आधार कार्डावर मामांचं जन्मसाल १९६८ आहे. अंदाजे लिहिलेलं, पण फोटोचं साल आता त्याच्याच आसपास आणता येतं. बांबू धरणाऱ्यांपैकी सदरेवाला म्हणजे हैदराबादच्या भाचीचा आजा. दुसरा कोण, ते आत्यालाही आठवत नाही. “पाहुना असंल कोनी,” ती म्हणते. मासोळी सिंगाडाच होती. अर्धी बाबूने नेली, अर्धी साऱ्या मोहल्ल्यात वाटली.

फोन अर्धा तास चालतो. मामी मधेच उठून भात ठेवतात आणि परत येऊन बसतात.

रात्री ८.३०
स्टुडिओ बंद व्हायच्या बेतात. मामा डोंग्यातला माणूस मोठा करून बघायला मागतात. अर्धा चेहरा, एक कान, पाठीचा कणा, बांबूवर दोन्ही हात. कापून कोट घालावा असं त्यात काही नाही.

“पुरा काढ,” मामा म्हणतात. “नदीसगट.”

बारा बाय बाराचा, ९०० रुपये. शंभर ॲडव्हान्स. बाकीचे फ्रेम नेताना. मालक डाग काढेल, पण चेहऱ्यांना हात लावणार नाही, असं ठरतं. खाली पट्टीवर नावं छापायची: आत्याने सांगितलेली चार. पाचव्या माणसाची जागा मोकळी ठेवायची. हैदराबादची भाचीही एक प्रत मागते, तिची ४५० ची, फ्रेमशिवाय.

मूळ फोटोच्या मागे मुलगा तिथेच पेन्सिलीने नावं लिहितो. मालक काउंटरवर जाड पुठ्ठा सरकवतो, म्हणजे दाब पुढे उमटणार नाही.

तुमच्याकडे असा फोटो असेल, डोंग्यातला, शेतातला, खाणीच्या तोंडावरचा, तर मागे पेन्सिलीने नावं लिहून ठेवा. बॉलपेनने नको, त्याची शाई पुढे फुटते. आणि ज्यांना नावं ठाऊक आहेत, त्यांना याच आठवड्यात फोन करा.